भाताचे नत्र : गोळी, कण आणि थेंब



साहित्याच्या व्यासपीठावर खताचा विषय काहींना आडवळणाचा वाटेल. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज रात्री भात शिजणार आहे, आणि त्या भातातले प्रथिन नत्राशिवाय तयार होत नाही. शिवाय आपले मंडळ शहरात भरत असले, तरी मातीशी नाते तोडलेले फारसे कोणी इथे नाही. १९५४ च्या मुक्तीनंतर कोणी शिकवायला आले, कोणी कचेरीत रुजू झाले, पुढे कोणी कारखानदारीबरोबर आले आणि सिल्वासाचेच झाले. तरी वाडा, जव्हार, कर्जत, दापोली इथली चार-दोन खाचरे अनेकांच्या सातबाऱ्यावर अजून आहेत. काहींची शेती इथेच, खानवेलच्या बाजूला, कोणीतरी वाट्याने कसते. पाऊस सुरू झाला की गावाहून फोन येतो, "या वर्षी खत कोणतं आणायचं?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी काय विचारायचे, एवढ्यापुरते माझे आजचे बोलणे आहे.

गेल्या काही वर्षांत तीन गोष्टींची नावे वारंवार ऐकू येतात. पहिली गोळी, म्हणजे चिखलात पुरायची युरिया-डीएपीची ब्रिकेट. दुसरा कण, म्हणजे युरियाला घट्ट धरून हळूहळू सोडणारा नॅनो पदार्थ. तिसरा थेंब, म्हणजे बाटलीतून येणारा आणि पानावर फवारायचा नॅनो युरिया. तिघांचे आश्वासन एकच : खत कमी लागेल, पीक तेवढेच येईल. मी या तिघांना दोनच प्रश्न विचारणार आहे. तुझ्यात नत्र किती? आणि ते पिकाला लागेपर्यंत कोण सांभाळणार?

आधी नत्र जाते कुठे ते पाहू. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण भाताच्या रोपाला तो तसाच घेता येत नाही. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये ओपाऊ येथे त्याचा कारखाना चालू केला. आपल्या अलिबागजवळच्या थळ येथे १९८५ च्या सुमारास सुरू झालेला खतकारखाना याच रसायनावर चालतो. नैसर्गिक वायू जाळायचा, प्रचंड दाब आणि उष्णता द्यायची, आणि हवेला पांढऱ्या दाण्यांच्या रूपाने गोणीत भरायचे. त्या दाण्यांत ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते. तिचा खरा खर्च याच्या कितीतरी पट असतो आणि तो सरकार भरते, म्हणजे आपण सगळे भरतो.

एवढ्या खटाटोपाने बनवलेला युरिया खाचरात पडल्यावर काय करतो? तो पाण्यात लगेच विरघळतो. मातीतले जीवाणू आणि त्यांचे विकर दोन-चार दिवसांत त्याचा अमोनियम करतात. खाचरातल्या पाण्यावर शेवाळ असते. भर दुपारी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, पाणी अल्कधर्मी होते आणि अमोनियमचा अमोनिया होऊन तो वाऱ्यावर उडून जातो. ही पहिली गळती. दुसरी अधिक लपलेली. चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थराला प्राणवायू मिळतो, खालच्या थराला मिळत नाही. वरच्या थरात अमोनियमचे नायट्रेट होते. ते पाण्याबरोबर खाली उतरते, आणि तिथले जीवाणू त्यातला प्राणवायू काढून घेऊन नायट्रोजन पुन्हा हवेत सोडतात. म्हणजे हवेतून आणले, गोणीत भरले, शेतात टाकले आणि परत हवेला दिले. त्यात आपल्याकडचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वरचा. फेकलेल्या खतावर रात्री मुसळधार सर आली, की उरलेसुरले बांध ओलांडून ओहोळात आणि तिथून दमणगंगेत.

भाताला टाकलेल्या युरियातले साधारण एक तृतीयांश ते चाळीस टक्के नत्रच पीक उचलते, हे अनेक देशांतल्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. तीन गोण्या विकत आणायच्या आणि जेमतेम एकीचे पीक काढायचे, असा हा हिशेब. देशात वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या आसपास युरिया लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे गळती किती मोठी ते कळते. हवेत जाणाऱ्या वायूंपैकी नायट्रस ऑक्साइड तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा आहे. निचऱ्याच्या जमिनीतून नायट्रेट विहिरीत उतरते, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठेवलेली आहे, ती मुख्यतः तान्ह्या मुलांच्या काळजीने.

शेतकऱ्याला हे कळत नाही असे नाही. एकदम युरिया पडला की पिकाला "काळोखी" येते, असे आपल्याकडे म्हणतात. हिरवा रंग इतका गडद होतो की शिवार काळसर दिसते. पाहणाऱ्याला बरे वाटते. पण काळोखी आलेले पीक माजते, तुडतुडे आणि करपा त्याच्यावर आधी बसतात आणि आश्विनातल्या वाऱ्यात ते लोळते. भाताला खरी भूक दोनदा लागते, एकदा फुटवे येताना आणि एकदा पोटरीत लोंबी धरताना. आपण त्याला लावणीच्या दिवशीच पंगतीला बसवतो आणि पुढे उपाशी ठेवतो.

यावरचा सर्वांत जुना आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे खत तीन हप्त्यांत देणे. लावणीला चाळीस टक्के, फुटव्यांना चाळीस, लोंबी धरताना वीस. दुसरा उपाय गोणीतच आला आहे. २०१५ पासून देशातला सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन विकला जातो. त्या तेलामुळे नायट्रेट बनवणारे जीवाणू काहीसे मंदावतात. दोन्ही उपाय चांगले आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. कारण खत अजूनही पाण्यावर फेकले जाते, आणि गळती सुरू होते ती तिथेच.

आता गोळी. कोकणात चारसूत्री भातलागवड म्हणून जी पद्धत ओळखली जाते, तिच्यामागे डॉ. नारायण सावंत यांचे नाव आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात त्यांनी भातखाचरातल्या युरियाचा अभ्यास केला आणि ते ज्ञान इथल्या शेतकऱ्याच्या हातात मावेल अशा चार सूत्रांत बसवले. पहिले सूत्र, भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची, म्हणजे रोपाला सिलिका मिळून ते कणखर होते. भाताचा पेंढाही शेतातच परत द्यायचा. ज्यांनी राब भाजलेले पाहिले आहेत त्यांना राखेचे हे महत्त्व नवे नाही. दुसरे सूत्र, गिरिपुष्पाचा हिरवा पाला लावणीपूर्वी आठवडाभर गुंठ्याला सुमारे ३० किलो चिखलात गाडायचा. तिसरे, खुणा केलेल्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतराने चूड लावायचे. आणि चौथे सूत्र, चार चुडांच्या मधोमध एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी पुरायची.

गोळीचे वजन २.७ ग्रॅम. युरिया आणि डीएपी साठास चाळीस या प्रमाणात दाबून ती बनवतात. गुंठ्याला ६२५ गोळ्या बसतात, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. हेक्टरी १७० किलोच्या आसपास. पहिला प्रश्न विचारू : यात नत्र किती? गुंठ्याला सुमारे ६०० ग्रॅम. फेकून देताना आपण गुंठ्याला एक किलो नत्र धरतो. म्हणजे पाच हिश्श्यांतले दोन वाचले आणि त्यातली थोडी उणीव गिरिपुष्पाच्या पाल्याने भरली. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पुढे पालाशही घालून कोकण अन्नपूर्णा ब्रिकेट काढली. बांगलादेशात अशाच गोळीला "गुटी युरिया" म्हणतात. तिथे ती मोठ्या प्रमाणावर पसरली आणि युरियात सुमारे एक तृतीयांश बचत झाली.

दुसरा प्रश्न : हे नत्र सांभाळते कोण? इथे खरी गंमत आहे. गोळीला कसलाही लेप नाही, तिच्यात काही नवे रसायन नाही. तिला सांभाळते ती माती. काळ्या चिकण मातीचा कण म्हणजे पुस्तकासारखी पाने असलेली वस्तू आहे, आणि त्या एकेका पापुद्र्याची जाडी असते सुमारे एक नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग, तो नॅनोमीटर. या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि अमोनियमवर धन भार, म्हणून अमोनियम पानांमध्ये धरून ठेवला जातो. दहा सेंटिमीटर खाली प्राणवायू नाही, त्यामुळे त्याचे नायट्रेट होत नाही. वरचे पाणी, शेवाळ, दुपारचे ऊन यांपैकी काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोचतात ती फक्त मुळे, आणि ती हवे तेव्हा हवे तेवढे उचलतात. नॅनो पदार्थाने खत हळूहळू सोडण्याची विद्या आपण प्रयोगशाळेत शोधतो आहोत. ती विद्या जाणणारा चिखल आपल्या पायाखालीच आहे. गोळीने एवढेच केले, की नत्र त्याच्या स्वाधीन केले.

मग ही पद्धत घरोघर का नाही? याचे कारण सुशिक्षितांनी शेतकऱ्याच्या आळसात शोधू नये. एका हेक्टरात ६२,५०० गोळ्या वाकून हाताने पुराव्या लागतात, आणि त्याही आवणीच्या ऐन धांदलीत. दोरीवर लावणी करायला वेळ जास्त लागतो. आपल्या भागात तर पिपरिया, मसाट, नरोलीच्या कारखान्यांत रोजगार असल्यावर जुलैत शेतावर हात मिळणे कठीण. दुसरी अडचण जमिनीची. हलक्या, वरकस, पाणी झिरपणाऱ्या जमिनीत चिकण मातीची ती पुस्तके कमी असतात, आणि तिथे गोळीचे नत्र खाली वाहून जाऊ शकते. म्हणून गोळी धरून ठेवणाऱ्या खाचराची आहे, माळाची नाही.

इथे कणाची गरज उभी राहते. जिथे माती नत्र धरत नाही, तिथे धरणारे दुसरे काही देता येईल का? या दिशेने श्रीलंकेत चांगले काम झाले. नीलवाला कोट्टेगोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हे खनिज निवडले. हे नाव अवघड असले तरी वस्तू परकी नाही, आपली हाडे आणि दात त्याचेच असतात. त्याचे नॅनो कण करून त्यांच्या पृष्ठभागावर युरिया बांधायचा, ही त्यांची कल्पना. कण इतके बारीक कशाला? एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या, त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे दहा नॅनोमीटरचे तुकडे केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. बारीकपणाचा उपयोग हा आहे : युरियाला धरायला जागा वाढते.

त्यांच्या २०११ च्या निबंधात, जो बंगळूरच्या 'करंट सायन्स'मध्ये आला, हे युरियाचे कण लाकडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत भरले होते. ते लाकूड कोणते? गिरिपुष्पाचे. ज्या झाडाचा पाला आपल्या चारसूत्रीत चिखलात जातो, त्याच झाडाचे खोड तिकडे खताची डबी झाले. त्यातून साठाव्या दिवशीही नत्र मिळत होते. २०१७ मध्ये त्यांनी सहा भाग युरियाला एक भाग खनिज असे मिश्रण प्रसिद्ध केले. भाताच्या शेतावरच्या चाचण्यांत नेहमीच्या निम्म्या युरियात उत्पन्न घटले नाही, उलट थोडे वाढले. कण झिजल्यावर मागे उरते ते कॅल्शियम आणि फॉस्फेट, म्हणजे तेही पिकाचेच अन्न. जपानमध्ये प्लॅस्टिकचा लेप दिलेले मंद खत भातात बरेच वापरले गेले, आणि आता त्या लेपाची रिकामी टरफले शेतातून समुद्रात जातात म्हणून तिथे काळजी आहे. तो दोष इथे नाही.

तरी "बारा पटींनी मंद" हे शब्द वाचून हुरळून जाऊ नये. पाण्यातल्या त्या चाचणीत साधा युरिया सव्वापाच मिनिटांत जवळपास संपूर्ण सुटला, आणि कणाला बांधलेल्या युरियाचा बहुतेक भाग सुटायला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागला. बारा पट खरेच आहे, पण भाताचे वय तासांत मोजत नाहीत. शेतातला चांगला निकाल एका देशातल्या मातीतला आहे. पावसाच्या आपल्या खाचरात तो किती टिकतो हे आपल्याच खाचरात पाहावे लागेल. कणाचे उत्तर असे : नत्र पुरेसे आहे, सांभाळणारा आहे, पण साक्षी-पुरावे अजून थोडे आहेत.

आता थेंब, ज्याचा सर्वांत जास्त बोलबाला आहे. इफ्कोच्या नॅनो युरियाला २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात मान्यता मिळाली आणि गुजरातेत कलोल येथे २८ मे २०२२ रोजी त्याच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. अर्ध्या लिटरची बाटली, सुरुवातीला २४० आणि नंतर २२५ रुपयांची. एक बाटली म्हणजे एक गोणी, असे सांगितले गेले. पहिला प्रश्न विचारू. पहिल्या बाटलीवर चार टक्के नत्र असे लिहिलेले होते. अर्ध्या लिटरचे चार टक्के म्हणजे २० ग्रॅम. गोणीत नत्र २० किलो ७०० ग्रॅम. हजारपटीचा फरक. एक क्विंटल भातात एक किलोहून अधिक नत्र असते. तेव्हा थेंबन् थेंब पानाने शोषला तरी वीस ग्रॅम नत्र जेमतेम दोन किलो भाताला पुरेल. पुढे २०२४ मध्ये वीस टक्क्यांची बाटली आली. तिच्यात १०० ग्रॅम, म्हणजे अजूनही गोणीचा दोनशेवा भाग. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यावर उत्पादकांचे म्हणणे असे, की नॅनो कण पानात थेट शिरतात, वाया जात नाहीत आणि पिकाची स्वतःची नत्र वापरण्याची शक्ती जागी करतात. म्हणणे तपासण्याजोगे आहे आणि ते तपासले गेले. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे शेतावर प्रयोग केले. शिफारशीचा युरिया कमी करून त्याजागी नॅनो युरिया फवारला, तेव्हा भाताचे उत्पन्न सुमारे १३ टक्के आणि गव्हाचे २१ टक्क्यांहून अधिक घटले. दाण्यातले नत्रही उतरले, म्हणजे प्रथिन उतरले. कोपनहेगन विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी या दाव्यांमागच्या शास्त्रावर २०२३ मध्ये प्रश्नचिन्ह लावले. इफ्कोने हे आक्षेप मानलेले नाहीत. तो वाद शास्त्रज्ञ लढवोत. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र वादाशिवाय मिळते : थेंब हे मंद सुटणारे खत नाहीच. ती पानावरची फवारणी आहे. पानावर दोन टक्के युरिया फवारून पिवळे पडलेले पीक सावरणे आपल्याला जुनेच ठाऊक आहे. तेवढ्यापुरती फवारणी करावी. पण बाटली घेतली म्हणून जमिनीतले नत्र तोडणे म्हणजे "पी हळद नि हो गोरी" असे आहे.

तेरा टक्के हा आकडा व्याख्यानात लहान वाटतो. ज्या घरात वर्षाचे तांदूळ स्वतःच्या शेताचे असतात, तिथे तेरा टक्के म्हणजे वर्षातला दीड महिना. दुधनी, मांदोनीकडच्या डोंगराळ भागात वारली आणि कोकणा कुटुंबे भात आणि नागलीवर वर्ष काढतात. वारल्यांच्या घरी धान्य ही कणसरी देवी आहे. तिथे दीड महिन्याची तूट म्हणजे बाजारातून उधारीने तांदूळ. नॅनो हा शब्द ऐकून आपण शहरात बसून सल्ला देतो, आणि तो चुकला तर भरपाई कसणाऱ्याच्या कणगीतून होते. आपली जमीन वाट्याने कसणाऱ्याला खत सुचवताना हे ध्यानात असावे.

म्हणून मी कोणत्याही एका खताची शिफारस करून खाली बसणार नाही. ज्यांची खाचरे आहेत त्यांनी येत्या पावसाळ्यात शेजारी-शेजारी तीन गुंठे आखावेत, माती एकसारखी, भाताचे वाण एकच. पहिल्या गुंठ्यात नेहमीचा युरिया तीन हप्त्यांत. दुसऱ्यात दोरीवर लावणी आणि चार चुडांत एक, अशा ६२५ गोळ्या. एका गुंठ्याला एवढ्या गोळ्या घरची माणसे एका सकाळी पुरतात. तिसऱ्यात निम्मा युरिया आणि वर बाटलीची फवारणी. कापणीला तिन्हींचे भात वेगळे झोडावे, वाळवावे, तोलावे आणि लिहून ठेवावे. लागलेली मजुरीही लिहावी, कारण गोळीचा खरा वाद तिच्याशी आहे. कण दुकानात येईल त्या वर्षी त्याचा चौथा गुंठा करावा. वीस घरांनी एवढे केले, तर या भागातल्या मातीचा निकाल आपल्याच वहीत असेल.

आणि ज्यांच्याकडे शेत नाही, पण वाचायची सवय आहे, त्यांच्यासाठीही एक काम आहे. खताच्या गोणीवर आणि बाटलीवर नत्राचा टक्का बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो वाचावा, वजनाशी गुणावा आणि येणारा आकडा ज्याला खत विकत घ्यायचे आहे त्याला त्याच्या बोलीत सांगावा. पुस्तकांच्या संगतीत दोन-तीन पिढ्या घालवलेल्या घरांकडून एवढी अपेक्षा शेतकऱ्याने ठेवली, तर ती गैर नाही.